भिंतीचं पोट

आमच्या जावयाने दुकानातली नोकरी सोडली आणि आमच्याच परसात कोंबड्या पाळायला घेतल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षीच्या थंडीत माझे दाजी वारले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. सुतार होते. कोणाच्या तरी खुर्चीचा मोडका पाय बसवत होते, छातीत कळ आली, खाली बसले आणि संपले. ती खुर्ची तशीच तीन पायांवर राहिली. ज्याची होती तो ती न्यायलाही आला नाही.

आमच्या इथे कोणाचं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, चार शब्द बोलतात आणि उठताना एवढंच म्हणतात, "खोलीत जाऊन ये." कोणती खोली ते सांगावं लागत नाही. वस्तीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे, दगडी भिंतींची, मातीने लिंपलेली एक खोली आहे. आत मूर्ती नाही, दिवा नाही. एक बुटकं दार, बाजूला एक झरोका आणि समोर एक भिंत. ती कोणी बांधली हे कोणालाच माहीत नाही. मला माहीत आहे असं जो म्हणतो तो थापा मारतो.

तिथली पद्धत अशी. बाहेरच्या छपरीत टाक्यात माती भिजत घातलेली असते. ज्याचं माणूस गेलं त्याने तिच्यातला एक गोळा घ्यायचा, त्यात भुसा घालून आपल्याच हाताने मळायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मग एकट्याने आत जायचं, भिंतीवर वीतभर जागा लिंपायची आणि त्या ओल्या मातीत पंजा दाबून उभं राहायचं. माती आधी गार लागते. मग हाताच्या उबेने कोमट होते. मग पुन्हा गार पडते. अशी दुसऱ्यांदा गार पडली की हात काढायचा आणि बाहेर यायचं. हात घरी जाऊनच धुवायचा. त्यानंतर त्या माणसाला कोणी काही विचारत नाही, समजावत नाही. त्याला झोप लागते, जेवण जातं. का, ते मला सांगता येणार नाही. मी गवंडी आहे.

भिंत पंज्यांनी भरली की तिच्यावरून नवा थर द्यायचा, की ती पुन्हा कोरी. तो थर देण्याचं काम आमच्या घराकडे. आजोबांनी दिले, वडिलांनी दिले, मग मी. जुना पंजा कधी खरवडायचा नाही ही त्यातली मुख्य अट. तो आत राहतो. खोलीची राखण करणारी बाई म्हणते, माणूस मातीत आणि हात भिंतीत. तिला सगळे किल्लीबाई म्हणतात. खोलीला कुलूप कधीच नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं.

आता थरावर थर चढवत गेलं तर काय होणार? मी लहानपणी वडिलांबरोबर आत जायचो तेव्हा तिथे दोघंतिघं हात पसरून उभे राहू शकत. दाजी गेले त्या वर्षी अंगाने भरलेल्या माणसाला खेकड्यासारखं तिरकं होऊन शिरावं लागत होतं. भिंतीला मधोमध पोट सुटलं होतं. थापीने ठोकली की आतून पोकळ वाजायची. मी किल्लीबाईला म्हटलं की ही कधीतरी खाली येणार. ती म्हणाली, "गवंडीबुवा, पोट तुम्हालाही सुटलंय. तुम्ही आलात का खाली?"

भिंत खाली आली नाही, पण दाजी जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा तिचा एक पोपडा सुटला आणि हात लावून उभ्या असलेल्या एका शिंपिणीच्या पायाशी पडला. नशीब, पायावर नाही. शिंपीण ओरडत बाहेर आली. किल्लीबाईने दारात आडवी फळी ठोकली आणि सांगितलं, खोली बंद.

दुसऱ्याच दिवशी आक्का खोलीकडे गेली. दाजींसाठी हात लावायला इतके दिवस ती तयार होत नव्हती, त्या दिवशी मन घट्ट करून निघाली, आणि पुढ्यात फळी. तशीच परत आली. त्यानंतर तिचं काही खरं राहिलं नाही. रडायची नाही, झोपायची नाही. दाजींच्या कामाच्या खोलीत बसून खिळे निवडायची. छोटे एकीकडे, मोठे एकीकडे. निवडून झाले की सगळे एकत्र करायची आणि पुन्हा सुरुवात. माझी बायको दोन वेळचं घेऊन जायची, ते तसंच परत यायचं. "वन्सं अशानं खुळ्या होतील," ती मला म्हणाली. "तुमच्या त्या भिंतीचं काय ते लवकर बघा."

भिंतीचं बघायचं म्हणजे एकच होतं. सगळे थर खरवडून दगडाला भिडायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. किल्लीबाई ऐकेना. मग तिने स्वतः आत जाऊन भिंतीला कान लावला, बाहेर आली आणि म्हणाली की ठीक आहे, पण ज्याचा ज्याचा हात आत आहे त्या प्रत्येकाने तोंडाने हो म्हटलं पाहिजे. एकाने नाही म्हटलं तरी गवंड्याने करणीला हात लावायचा नाही.

झालं. आम्ही दोघं घरोघर फिरलो. लोकांनी तोंडं वाकडी केली, कोणी डोळे पुसले, कोणी माझ्या आजोबांना नावं ठेवली की त्यांनी थर पातळ का नाही दिले. पण हो म्हणाले. आज ना उद्या प्रत्येकाला त्या भिंतीची गरज पडणार हे सगळ्यांना कळत होतं. बेकरीवाल्याची आई नुकतीच गेली होती, त्याने तर आम्हाला दारात बसूही दिलं नाही, "हो हो हो, लागा कामाला," म्हणत हाकललं. ज्यांच्या मागे कोणी उरलं नव्हतं त्यांच्या वतीने किल्लीबाईने हो म्हटलं. आक्काकडे मी सर्वांत शेवटी गेलो. तिच्यासाठीच तर चाललं होतं सगळं, तिला काय विचारायचं?

ती खिळेच निवडत होती. मी सांगितलं. तिने मान वर न करता विचारलं, "खरवडणार कोण?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"मग नाही."

मला वाटलं चेष्टा करते आहे. लहानपणापासून ती मला ठोंब्या म्हणते, माझ्या कामाची टर उडवते. पण ती चेष्टा नव्हती. तिला एक मुलगी झाली होती. नुकती भिंतीला धरून पावलं टाकायला लागली होती तेव्हा तापाने गेली. तोच ताप आक्कालाही होता. ती अंथरुणातून उठू शकत नव्हती, म्हणून दाजी एकटेच खोलीत जाऊन आले होते.

"आले, हात धुतला आणि माझ्या उशाशी बसले," आक्का म्हणाली. "बोलले काहीच नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत. तिचं काय उरलंय माझ्याकडे? ह्यांचा तेवढा एक हात आहे तिथे. आता हेही गेले. आणि तू म्हणतोस तोही खरवडतो."

मी म्हटलं, आक्का, त्यावर किती थर बसलेत, तो हात दिसत तरी आहे का?

"घराचा पाया दिसतो का रे? मग तोही काढून टाक."

मी बाहेर आलो. किल्लीबाईला सांगितलं. तिने हात झटकले. एक नाही म्हणजे नाही.

इथून पुढचे दिवस मला आठवले की अजून डोकं तापतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जिला त्या भिंतीची सगळ्यांत जास्त गरज, तीच भिंतीच्या वाटेत आडवी. तिच्यामुळे बाकीचेही अडलेले. रस्त्याने चालणं मुश्कील झालं. बेकरीवाला मला मुद्दाम करपलेला पाव द्यायचा. म्हणायचा, "आईसाठी लावायचा हात तसाच आहे माझा. त्याच हाताने पीठ मळतो, पाव फुगतच नाहीत. बसतात. तुझ्या बहिणीला सांग." शिंपीण मला बघून रस्ता बदलायची. जावयाने कोंबड्यांना दाणे टाकता टाकता सल्ला दिला की आत्याबाईंना न सांगता एका सकाळी उरकून टाका, त्या काय आत डोकावणार आहेत? मी त्याला सांगितलं की तू तुझ्या कोंबड्यांना अंडी घालायला लाव, त्या अजून एकही घालत नाहीत. तो रुसला. मग मुलगी रुसली. मग बायको माझ्यावर चिडली की तुमच्या बहिणीपायी माझी लेक उपाशी झोपली.

मी आक्काकडे रोज जायचो. समजावलं, रागावलं, पाया पडलो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चहा घेणार का?"

शेवटी तोड काढली माझ्या बायकोने. ती उठून आक्काकडे गेली आणि म्हणाली, "वन्सं, कांदा सोलतात तशी सोलू दे त्यांना भिंत. एकेक पापुद्रा. दाजींचा हात लागला की थांबतील. तुम्ही बघा, आणि मग तुम्ही म्हणाल तसं." आक्काने हातातले खिळे खाली ठेवले. मग हो म्हणाली, पण अट घातली की ती तिथेच बसून राहील, कारण ठोंब्याच्या हातावर तिचा भरवसा नाही. माती कांद्यासारखी सुटत नाही, ढेकळांनी सुटते, हे मी दोघींना सांगायला गेलो. दोघींनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी हत्यारं उचलली आणि निघालो.

किल्लीबाईने फळी काढली. आक्का दाराशी पाट टाकून बसली. मी बोथट सुरी, कुंचला आणि पाण्याची लोटी घेऊन सुरू केलं. थोडं पाणी मारायचं, थर जरा नरम झाला की सुरीचं टोक घालून हलकेच उचकटायचं. सुरी बोथट, हात सवयीचा नाही. आयुष्यभर मी माती भिंतीवर चढवली होती, उतरवायला कोणी शिकवलं नव्हतं. त्यातून पहिले पंजे निघायला लागले. खालच्या थरात खोल उमटलेला पंजा, आणि त्यावरचं ढेकूळ उलटं केलं की त्याच्या पाठीवर तोच पंजा फुगीर, जणू भिंतीतून कोणी हात बाहेर काढलाय.

शिंपीण बघायला आली होती. एका फुगीर पंज्याकडे बोट दाखवून म्हणाली की हा माझ्या आईचा, करंगळी बघा कशी वाकडी, आजोबांसाठी लावलेला. ते ढेकूळ मला द्या. मी दिलं. एवढं रडते आहे बाई, घेऊ दे, मला काय त्याचं. हीच माझी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरीत रांग होती. खरवडायला ज्यांनी ज्यांनी तोंडभरून हो म्हटलं होतं, त्या सगळ्यांना आता आपापला हात हवा होता. नीट, न मोडता, शक्यतो आजच. कोणी टोपली आणलेली, कोणी घोंगडी. मी एक थर उचकटला की चारजणांच्या माना आत. "सांभाळून, ते आमचं आहे." "अहो, अंगठा तुटला." एका ढेकळावर अर्धा पंजा एका घरचा आणि अर्धा दुसऱ्या घरचा निघाला. दोन्ही घरं हमरीतुमरीवर आली. जिथे माणसं गप्प उभं राहायला येत, तिथे अंगणात बाजार भरला. शेवटी किल्लीबाईने ते ढेकूळ दोघांच्या हातांतून काढून घेतलं आणि भिजवणीच्या टाक्यात टाकलं. "आता मळा दोघं मिळून," म्हणाली. त्या दिवसापासून ती दोन्ही घरं माझ्याशी बोलत नाहीत. टाक्यात तिने टाकलं, आणि बोलत माझ्याशी नाहीत.

असं करत करत मी तांबड्या थरापर्यंत आलो. आक्काची मुलगी गेली त्या सुमाराला वडिलांनी माती नव्या खाणीतून आणली होती, ती तांबूस होती. म्हणजे दाजींचा हात असणार तो याच थरावर. आक्काला सांगितलं तशी ती पाटावरून उठली आणि आत आली. बाकीच्यांना किल्लीबाईने टाकीपर्यंत मागे हटवलं.

दाजींचा हात ओळखायला कठीण नव्हता. तरुणपणी करवतीने त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक गेलं होतं. मी कुंचल्याने माती झाडत गेलो, आक्का एकेक पंजा बोटाने चाचपत गेली. छातीच्या उंचीला, खांद्याच्या उंचीला, जिथे उभा माणूस हात टेकवतो तिथे सगळीकडे पाहिलं. मोठे हात, लहान हात, एक तर अंगठी घातलेला. तोकड्या बोटाचा हात एकही नाही. पुन्हा पाहिलं. कोपऱ्यांत पाहिलं.

"फोडलास तू," आक्का म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांदेखत सोलतोय सगळं.

"मग गेला कुठे? हात काय चालत गेला?"

इतक्या दिवसांचा ताप, बेकरीवाल्याचे करपलेले पाव, रांगेतल्या लोकांच्या टोपल्या, सगळं माझ्या तोंडात आलं. मी म्हणालो, "लावलाच नसेल दाजींनी. आले असतील, उभे राहिले असतील आणि तसेच गेले असतील. प्रत्येकाला जमतं असं नाही."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. शाल अंगाभोवती लपेटली, खाली बसली, त्या सोललेल्या भिंतीला पाठ टेकवली आणि पाय समोर लांब केले. खोलीत दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागाच उरली नाही.

"आता खरवड मला," म्हणाली.

मी हत्यारं तिथेच टाकली आणि बाहेर आलो.

त्यानंतर ती रोज सकाळी यायची, आत जाऊन त्याच जागी त्याच भिंतीला टेकून बसायची आणि उन्हं उतरली की घरी जायची. मी छपरीत माती तुडवून तयार ठेवायचो, ती दुपारपर्यंत वाळायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडवायचो. किल्लीबाई आक्काला आत चहा नेऊन द्यायची. मी म्हटलं, तू तिला चहा देतेस म्हणून ती उठत नाही. किल्लीबाई म्हणाली की तुम्ही तिला जे बोललात त्यावर निदान चहा तरी द्यायला हवा. बेकरीवाला एकदा दारातून ओरडला, तेव्हा आतून आक्का शांतपणे म्हणाली, "आईने तुला ओरडायला शिकवलं, थांबायला नाही शिकवलं." तो पुन्हा आला नाही. त्याचा राग माझ्या पावात उतरला.

एक दिवस किल्लीबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमची बहीण आत झोपते. बसल्या बसल्या, मान भिंतीला लावून, घोरतेसुद्धा. घरी डोळ्याला डोळा लागत नाही आणि इथे घोरते. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. सगळ्या वस्तीची झोप उडवून बाई इथे घोरते आहे.

मग ती दुपार. किल्लीबाईने आक्काला जेवायला छपरीत बोलावलं. ती बाहेर आली तशी मला तिची पाठ दिसली. शाल तांबड्या मातीने माखली होती. मी माझी सुरी आणायला आत गेलो, त्या भांडणाच्या दिवशी रागाने टाकलेली तिथेच पडून होती. दारातून ऊन खालपर्यंत येत होतं. सुरी उचलायला वाकलो आणि मला भिंतीवर, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, काहीतरी दिसलं. तिथे मी फारसं झाडलंच नव्हतं. इतक्या खाली कोण हात लावतो? वरच्या थराचे जे कण मी तिथे सोडले होते ते आक्काच्या पाठीने घासून काढले होते. त्याखाली अंगठा होता. त्याच्याशेजारी एक तोकडं बोट. मग तळव्याचा एक तुकडा. बाकीचा हात नव्हता. बाकीचा तिच्या शालीवर होता.

मी आक्काला हाक मारली. आक्का तोंडातला घास तसाच ठेवून आली. मी बोट दाखवलं. तिने वाकून पाहिलं. मग हळूहळू खाली बसली, गुडघे टेकले, आणि त्या तोकड्या बोटाच्या खाचेत आपलं बोट ठेवलं.

"गुडघ्यावर बसले असणार," ती म्हणाली. "तिच्याएवढे होऊन."

मी वाट बघत होतो. आता ती मला बोलणार, नाहीतर स्वतःला. पाठीने काय केलंय ते तिला दिसत होतं. तिने खांद्यावरून शाल पुढे ओढली, मातीचा डाग बघितला, आणि ती न झटकता पुन्हा तशीच पांघरली.

"मी टेकूनच बसले होते की रे," म्हणाली.

किल्लीबाई दारात उभी होती, ती वळून टाकीकडे गेली. मी आक्काला म्हटलं की उरलेला तुकडा मी कापून देतो, दगडापर्यंत सुरी घालतो, जपून काढतो, एवढं मला येईल. खरं तर येईल की नाही मला खात्री नव्हती. तिने मान हलवली.

"नको. खरवड सगळं. टेकून झालं माझं."

मी खरवडलं. त्यात मला काही गोड वाटलं नाही. ते बोट आलं तेव्हा मी डोळे मिटून करणी मारली, आणि करणी घसरून माझ्या अंगठ्याला लागली, त्याची खूण अजून आहे. दगड लागला. दगडावर मी पहिला थर दिला, आजोबांना नावं ठेवणाऱ्यांसाठी मुद्दाम पातळ. खोली एवढी मोठी दिसायला लागली की किल्लीबाई आत जाऊन नुसती फिरून आली.

पहिला हात आक्काचा, हे सगळ्यांनीच न बोलता ठरवलं होतं. बेकरीवालासुद्धा गप्प मागे उभा राहिला. आक्काने टाक्यातून गोळा घेतला. भुसा घातला. मळला, सावकाश, गुठळी न गुठळी फोडून. आणि मग वळून तो गोळा बेकरीवाल्याच्या हातात दिला. "जा तू," म्हणाली. "तुझे पाव बसतायत."

तो आत गेला. मी आक्काला बाजूला ओढलं. म्हटलं, याच्यासाठी केलं का आपण एवढं सगळं? लोकांची बोलणी खाल्ली, दोन घरं कायमची तुटली, मुलगी-जावई रुसले, आणि आता भिंत तयार आहे तर तू हात लावत नाहीस?

"माझं झालं रे, ठोंब्या."

"काय झालं? कधी झालं? मला काहीच दिसलं नाही."

ती हसली. दाजी गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि तेही मला.

तिने दाजींसाठी हात कधीच लावला नाही. घरी झोपायला लागली, जेवायला लागली, खिळ्यांचा डबा तिने दुसऱ्या सुताराला देऊन टाकला. पुढे ती रोज दुपारी छपरीत बसून टाक्यातल्या मातीच्या गुठळ्या फोडू लागली. मी किल्लीबाईला म्हटलं, ज्याने त्याने आपली माती मळायची असा नियम आहे ना? एका नाहीसाठी तू सगळी वस्ती अडवून धरली होतीस. किल्लीबाई म्हणाली, "ती मळत नाही, गुठळ्या फोडते." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मला चहा विचारला.

मग काही वर्षांनी आक्कासाठी मी हात लावला. माती गार लागली, कोमट झाली, पुन्हा गार पडली. मी तरीही उभाच राहिलो, काही होतंय का बघत. शेवटी किल्लीबाईने दारावर टकटक केली, बाहेर दुसरं कोणी थांबलं होतं. घरी आलो, हात धुतला. झोप येते. जेवणही जातं. पण तिचं काय झालं होतं ते तिने मला सांगितलं नाही, याचा राग गेलेला नाही, आणि आता तो कोणावर काढायचा?

आक्का दाजींच्या मागे सहा वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका मंगळवारी सकाळी वारली.